आडनाव आणि वाय गुणसूत्र : जुळते किती, जोडले जाते किती?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझे एक निवृत्त सहकारी घरी आले होते. सोबत त्यांनी एक छापील अहवाल आणला होता. शहरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या पुतण्याने गालाच्या आतून घेतलेला नमुना एका कंपनीला पाठवला होता आणि काही आठवड्यांनी हा अहवाल आला होता. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत आडनाव, 'देशमुख'. आत जगाचा नकाशा, त्यावर आफ्रिकेतून निघून मध्य आशियामार्गे भारतात आलेला एक बाण आणि खाली 'आपला पितृवंश गट : आर-१-ए' अशी ओळ. एवढ्यावरून पुतण्याने घराण्याचा चार हजार वर्षांचा इतिहास नातेवाइकांना सांगून टाकला होता. आमच्या गुरुजींनी मात्र अहवाल दोनदा वाचला होता आणि त्यांचा प्रश्न एकच होता. "सर, हे सगळं ठीक आहे, पण यात आमचं आडनाव कुठं आहे?"

प्रामाणिक उत्तर 'कुठेच नाही' असे आहे. आर-१-ए हा गट भारतातील असंख्य जातींच्या पुरुषांत आढळतो, काही आदिवासी जमातींतही आढळतो. देशमुख आडनावाशी त्याचा काही खास संबंध नाही. तरीही आडनाव आणि गुणसूत्र यांचा संबंध जोडणे ही निव्वळ भोंदूगिरी आहे असेही म्हणता येत नाही. काही ठिकाणी हा संबंध काटेकोरपणे तपासून सिद्ध झालेला आहे. तो कोठे टिकतो, कोठे तुटतो आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात त्याचे काय होते, हे पाहणे शिक्षकांच्या दृष्टीने अगत्याचे आहे. का अगत्याचे, ते शेवटी येईलच.

एकाच वाटेचे दोन प्रवासी

मूळ कल्पना सोपी आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. पुरुषात शेवटच्या जोडीत एक एक्स आणि एक वाय असते. हे वाय गुणसूत्र मुलाला फक्त बापाकडून मिळते. इतर गुणसूत्रांची प्रत्येक पिढीत सरमिसळ होते. वायच्या दोन्ही टोकांचा थोडा भाग सोडला तर त्याची तशी सरमिसळ होत नाही. बापाचे वाय जवळजवळ जसेच्या तसे मुलाकडे जाते. आपल्याकडे आडनावही बापाकडून मुलाकडे जाते. म्हणजे आडनाव आणि वाय हे एकाच वाटेचे दोन प्रवासी झाले. तेव्हा एका आडनावाच्या दोन अनोळखी पुरुषांचे वाय जुळले, तर त्यांचा पितृवंशातला पूर्वज एक असावा, असा तर्क करता येतो.

'जवळजवळ' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वाय गुणसूत्रावर काही जागी तीच ती चार-पाच अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. फळ्यावर लिहिलेले 'राम राम राम राम' वहीत उतरवताना एखादे मूल एक 'राम' जास्त लिहिते किंवा एक गाळते. तशीच चूक गुणसूत्राची प्रत निघताना होते, पण फार क्वचित. एका जागी दर पिढीला काहीशेत एक एवढीच तिची शक्यता असते. अशा अनेक जागांवरील 'राम' मोजून दोन पुरुषांचे आकडे ताडून पाहायचे, ही झाली चाचणी. आकडे जितके जुळतात तितका समान पूर्वज जवळचा.

बेटांवरचे यश आणि त्याच्या मर्यादा

या कल्पनेची पहिली गाजलेली परीक्षा इंग्लंडमध्ये झाली. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावाची निवड केली. ४८ साइक्स पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरील फक्त चार जागा तपासल्या. जवळजवळ निम्म्या पुरुषांत एकच आकृतिबंध मिळाला आणि तो त्याच भागातील इतर आडनावांच्या पुरुषांत मिळाला नाही. जुन्या कागदपत्रांवरून साइक्स हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले असावे असे वाटत होते. चाचणीने सुमारे ७०० वर्षांपूर्वीच्या एकाच मूळपुरुषाकडे बोट दाखवले. हे खरे विज्ञान आहे. येथे आधी प्रश्न होता, तुलनेसाठी दुसरा गट होता आणि उत्तर अपेक्षेच्या विरुद्धही येऊ शकत होते.

पण 'जवळजवळ निम्मे' याचा अर्थ उरलेल्या निम्म्यांचे जुळले नाही असाही होतो. ते कसे? एक हिशेब वर्गातही करता येईल. समजा, दर पिढीत शंभरातल्या फक्त दोन घरांत आडनाव आणि वाय यांची ताटातूट होते. २५ पिढ्यांनंतर शंभरातील किती घरांत जोडी टिकेल? ०.९८ ला स्वतःशीच २५ वेळा गुणून पाहा. उत्तर साठच्या आसपास येते. ताटातुटीची कारणे आपल्या ओळखीचीच आहेत. दत्तक, घरजावई, दुसऱ्या घरी नांदायला गेलेल्या आईबरोबर आलेले मूल, किंवा मुद्दाम बदललेले आडनाव. त्यात नवल किंवा लाज वाटण्याजोगे काही नाही.

लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग व मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष आपल्याला फार उपयोगी आहे. आडनाव जितके दुर्मीळ, तितके वाय जुळण्याचे प्रमाण जास्त. आडनाव जितके सर्रास, तितके ते कमी. 'स्मिथ' म्हणजे लोहार. गावोगावी लोहार होते, म्हणून गावोगावी स्मिथ झाले. त्यांचे वाय गुणसूत्र कोणत्याही चार ब्रिटिश माणसांसारखेच विखुरलेले निघाले.

आयर्लंडची गोष्ट अधिक रंगतदार आणि म्हणून अधिक निसरडी आहे. तेथे आनुवंशिक आडनावे साधारण दहाव्या शतकापासून रुजली. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. आडनावातच वंश सांगितलेला. २००६ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांना वायव्य आयर्लंडमध्ये पाचांत एका पुरुषाकडे एकच वाय आकृतिबंध आढळला. पाचव्या शतकातील 'नऊ ओलिसांचा नियाल' या राजाचे वंशज म्हणवणाऱ्या गॅलहर, डोहर्टी इत्यादी आडनावांत त्याचे प्रमाण लक्षणीय होते. जगभरात हा आकृतिबंध धारण करणारे तीसेक लाख पुरुष असावेत असा अंदाज निघाला आणि 'तुम्ही नियालचे वंशज आहात' असे सांगणारी प्रमाणपत्रे विकली जाऊ लागली.

येथेच टीकेचा मुद्दा येतो. संशोधकांना सापडला होता तो संबंध : काही आडनावे आणि एक आकृतिबंध एकत्र आढळतात. त्यावरून एका विशिष्ट, अर्धवट दंतकथेतल्या राजापर्यंत पोहोचणे ही मोठी उडी होती. नियालचे हाड कोणी तपासलेले नाही. पुढे अधिक बारकाईने अभ्यास झाला तेव्हा ही जनुकीय खूण नियालच्या काही शतके आधीची असल्याचे आणि ती स्कॉटलंडच्या सखल भागातही चांगलीच पसरली असल्याचे दिसले. म्हणजे नियालकडे ती असलीच, तरी तो तिचा मूळपुरुष नव्हता. प्रयोगशाळेतील मोजणी चुकली नव्हती. मोजणीला लावलेले नाव चुकले होते.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील 'क्लॅन', म्हणजे कुळे, हीसुद्धा केवळ रक्ताची नव्हती. प्रमुखाच्या आश्रयाला आलेले लोक त्याचे आडनाव लावत. उलटही घडे. १६०३ साली मॅकग्रेगर हे आडनाव लावण्यावर राजाने बंदी घातली. ही बंदी मधल्या काही वर्षांचा अपवाद वगळता १७७४ पर्यंत राहिली. त्या काळात अनेक मॅकग्रेगरांनी कॅम्पबेल, ग्रँट, ड्रमंड अशी आडनावे घेतली. आज अशा घरातल्या ग्रँटचे वाय मॅकग्रेगरांशी जुळले, तर चाचणी उपयोगी ठरते. पण ती उपयोगी ठरते ती बंदीचा इतिहास आपल्याला कागदावरून ठाऊक असतो म्हणून. नुसत्या गुणसूत्राने ते सांगितले नसते.

महाराष्ट्रातील दोन धडे

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात वंशाची परंपरा आणि गुणसूत्रे यांचा चांगला ताळा घेतला गेला तो कोकणातील बेने इस्राएल समाजाचा. मराठी बोलणारे हे ज्यू. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी सुट्टी, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांची आडनावे कोणती? पेणकर, केहीमकर, रोहेकर. म्हणजे गावावरून आलेली, शुद्ध कोकणी. आडनावावरून शोध घ्यायला बसलो, तर आपण पेण आणि रोह्यापलीकडे जाणार नाही.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८ बेने इस्राएल व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना ४१ इतर ज्यू, भारतीय व पाकिस्तानी समाजांतील ४८६ व्यक्तींशी केली गेली. निष्कर्ष असा : या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे भरीव प्रमाणात आहेत; हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले; ज्यू वाटा पुरुषांकडून अधिक आणि भारतीय वाटा स्त्रियांकडून अधिक आला. या अभ्यासाने परंपरेचा गाभा उचलून धरला, पण सात जोडप्यांची संख्या वा गलबत सिद्ध झाले असे कोठेही म्हटले नाही. नमुना लहान आहे. दावाही त्याच बेताचा आहे. नियालच्या प्रमाणपत्रांपेक्षा हे लिखाण मला अधिक विश्वासार्ह वाटते ते त्यामुळेच.

दुसरा धडा याहून जुना, डी.एन.ए. चाचण्यांच्या आधीचा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील इरावती कर्वे यांनी के. सी. मल्होत्रा यांच्यासह १९६८ साली महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची शरीरमापे, रक्तगट इत्यादींवरून तुलना केली. सर्वांचे जातिनाम एक, दर्जा एक. तरी त्या आपसांत बऱ्याच भिन्न निघाल्या. एका मोठ्या जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या असे धरून चालता येत नाही. वेगवेगळे गट एका नावाखाली आलेले असू शकतात, हे कर्वे यांचे प्रतिपादन होते. समान नाव हा समान उगमाचा पुरावा नव्हे, हे मराठी वाचकाला अर्ध्या शतकापूर्वीच सांगून झाले आहे. आज महागडे अहवाल वाचताना आपण ते विसरतो.

आपल्या जिल्ह्यातली आडनावे

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही शाळेचे हजेरीपत्रक उघडा. त्यात निदान तीन जातींची, म्हणजे तीन प्रकारची, आडनावे दिसतील.

पहिला प्रकार हुद्द्यांचा : देशमुख, पाटील, देशपांडे. देशमुख हे परगण्याचे वतनदार. वतन ज्याला मिळाले तो देशमुख, मग त्याची जात कोणतीही असो. हे आपले स्मिथ. येथे वाय चाचणीने आडनावाचा मूळपुरुष शोधू पाहणे व्यर्थ आहे, कारण असा एक पुरुष कधी नव्हताच. दोन देशमुख घरे एकाच वतनाची आहेत का, एवढा छोटा प्रश्न मात्र ती सोडवू शकेल.

दुसरा प्रकार कुळांचा : मडावी, आत्राम, उईके, टेकाम, मेश्राम. गोंड समाजात आडनाव हेच कुळ असते. कुळे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत विभागलेली असतात आणि एका देवगटात लग्न होत नाही. बापाकडून चालणारी, लग्नाच्या नियमाने जपलेली ही व्यवस्था आयरिश आडनावांच्या अगदी जवळची आहे. वाय चाचणीला योग्य असा प्रश्न येथे आहे. परंतु येथेही सावधगिरी हवीच. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूरच्या नागोबा जत्रेचा मान मेश्राम कुळाकडे आहे. गोंडांचे कीर्तिगायक असलेल्या परधान समाजातही हीच कुळनावे चालतात. आणि विदर्भातील बौद्ध समाजातही मेश्राम हे आडनाव घरोघर आहे. ही तीन घरे एका पूर्वजाची की तीन वेगळ्या वाटांनी एका नावापाशी आलेली? नाव पाहून उत्तर देता येणार नाही. भाषेवरूनही नाही. गोंडी ही द्रविड कुळातील भाषा. पण ज्ञानेश्वर चौबे व सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोंडांचे जनुकीय नाते इतर द्रविड भाषकांपेक्षा मुंडा गटातील भाषा बोलणाऱ्यांशी अधिक आढळले. मेळघाटातील कोरकू ही त्याच गटातील भाषा.

तिसरा प्रकार पुसद, दिग्रस भागातील बंजारा तांड्यांत दिसतो : राठोड, पवार, चव्हाण, जाधव. ही नावे राजपुतांत आहेत, यांपैकी काही मराठ्यांतही आहेत. म्हणून कोणी थेट राजस्थानपर्यंत वंशवेल नेतो. पण तेलंगणात बऱ्याच बंजारा कुटुंबांची आडनावे भुक्या, वडत्या अशी लिहिली जातात. भुक्या हे राठोडांतले गोत आणि वडत्या म्हणजे इकडचे जाधव. गोत तेच, पण नदीच्या एका काठावर दप्तरात एक नाव चढले आणि दुसऱ्या काठावर दुसरे.

दप्तरात नाव चढवले कोणी? बहुतेक ठिकाणी शिक्षकाने. जुनी दाखलखारीज रजिस्टरे चाळली तर अनेक मुलांच्या नावापुढे बापाचे नाव आणि जात एवढेच आढळते. आडनाव नंतर कधीतरी विचारून, कधी ऐकू आले तसे, कधी अंदाजाने लिहिले गेले. तेच दाखल्यावर आले, दाखल्यावरून नोकरीत आणि सातबाऱ्यावर गेले. कित्येक घरांत आडनावाचे वय गुरुजींच्या टाकाएवढेच आहे. चार हजार वर्षांचा बाण त्याला लावण्यापूर्वी ते रजिस्टर पाहिलेले बरे.

धोका कोठे आहे?

स्कॉटलंडमध्ये चुकीचा मूळपुरुष सापडला, तर फार तर भिंतीवरचे एक प्रमाणपत्र चुकते. आपल्याकडे तसे नाही. येथे आडनाव आणि जात यांवर मुलाची शिष्यवृत्ती, वसतिगृह, वैद्यकीय प्रवेश अवलंबून असतो. १९९४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणि महाराष्ट्राच्या २००० सालच्या कायद्यानुसार जातपडताळणी समित्या कागदपत्रे तपासतात. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. त्यामुळे त्याआधीच्या शाळेच्या नोंदीला, कोतवाल बुकातल्या नोंदीला मोठे वजन असते. या कागदांसाठी पालक किती हेलपाटे घालतात, हे मुख्याध्यापकांना सांगायला नको. अशा वेळी 'त्यापेक्षा डी.एन.ए. करून टाका, दूध का दूध होईल' असे म्हणणारे भेटतात. मी हे शिक्षकांच्याच तोंडून ऐकले आहे.

हे म्हणणे मुळातून चूक आहे. बाप आणि मुलगा यांचे नाते डी.एन.ए. सांगू शकतो. एखादी व्यक्ती अमुक जमातीची आहे, हे तो सांगू शकत नाही. जात ही समाजाने केलेली आणि यादी ही शासनाने केलेली गोष्ट आहे; त्यांची खूण गुणसूत्रावर नसते. याचे सर्वांत चांगले उदाहरण वर आलेच आहे. तेलंगणात लंबाडा, म्हणजे बंजारा, अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. महाराष्ट्रात ते विमुक्त जातींच्या यादीत आहेत. एकाच गोताचे दोन चुलतभाऊ पैनगंगेच्या दोन काठांवर राहात असतील तर त्यांचे वाय गुणसूत्र एक असेल आणि दाखले दोन. कोणाची मागणी रास्त, हा या लेखाचा विषय नाही. पण तो वाद गुणसूत्राने सुटणारा नाही एवढे नक्की. उलट चाचणीला न्यायाधीश केले, तर दत्तक गेलेल्या पणजोबाच्या नातवंडांवर 'तुम्ही आमचे नाही' असे ऐकण्याची वेळ येईल.

आणखी एक गोष्ट. वाय गुणसूत्र फक्त एका पूर्वजाची वाट दाखवते. दहा पिढ्या मागे प्रत्येकाच्या वंशवृक्षात १,०२४ जागा असतात. त्यांतील एकच जागा वाय सांगते. उरलेल्या १,०२३ गप्प. मुलींकडे तर ते नसतेच. ज्या चाचणीत आजी कोठेच येत नाही, तिला 'घराण्याचा इतिहास' म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

नमुना पाठवण्यापूर्वी तो पुढे कोणाच्या हाती जाईल, हेही पाहावे. अमेरिकेतील 'ट्वेंटीथ्री अँड मी' या मोठ्या कंपनीतून २०२३ साली सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, गुणसूत्र बदलता येत नाही. आणि ते एकट्याचे नसते. भावाचे, चुलत्याचेही असते.

अहवाल हाती आला तर

तेव्हा असा अहवाल कोणी दाखवला, तर चार प्रश्न विचारावेत. तुलना कोणाशी केली, आपल्या भागातले किती लोक त्या संग्रहात आहेत? हाच गट शेजारच्या इतर आडनावांत किती आढळतो? आडनाव घराण्यात केव्हापासून आहे, याचा कागद आहे का? आणि उत्तर 'नाही' असे आले असते, तर ते कंपनीने छापले असते का? शेवटचा प्रश्न विज्ञानाचा आहे. ज्या चाचणीतून प्रत्येकालाच थोर पूर्वज मिळतो, तिच्यात तपासणी अशी काही झालेलीच नसते.

वर्गात मात्र मुलांच्या आडनावांवरून जातींची चर्चा करू नये; त्यातून एखादे मूल नाहक उघडे पडते. त्याऐवजी प्रत्येकाने आईच्या आईचे, तिच्या आईचे नाव व गाव विचारून आणावे. तीन पिढ्यांतच बहुतेकांची वही अडते. वंशवृक्षाचा किती मोठा भाग आपण लिहून ठेवलेलाच नाही, हे मुलांना त्यातून आपोआप कळते.

आमच्या गुरुजींनी अहवाल परत पिशवीत ठेवला. चार दिवसांनी ते आपल्या जुन्या शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने त्यांनी आजोबांच्या वेळचे दाखलखारीज रजिस्टर पाहिले. नोंद सापडली. नाव होते, बापाचे नाव होते, गाव होते. आडनावाचा रकाना कोरा होता.